भाऊसोंच्या माशांना पाय फुटले

सुज्ञ वाचकहो, शेपटीच्या जीवाला पाय कसे फुटतात आणि त्यापायी एका भल्या गृहस्थाची मान कशी खाली जाते, ती हकिकत येथे सादर करीत आहे.

पलूसच्या भाऊसोंनी शेततळ्यात काळी, शेपटीची पिल्ले वळवळताना पाहिली आणि मासे आपोआप आले असे मानले. पत्नी सुलाबाई म्हणाल्या, "आवं, ही बेडकाची पिल्लं हायत."

भाऊसो चारचौघांत गरजले, "तुला चुलीतलं कळतंय, तळ्यातलं न्हाई!" आणि त्यांनी मलकापूरच्या व्याह्यांना माशांच्या जेवणाचे आवतण धाडले.

पुढे ते उसाच्या लागणीत गुंतले; पिल्लांना पेंड सुलाबाईच टाकीत. पिल्लांना आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे, आणि शेपूट अंगातच जिरू लागली. पुन्हा बोलणी नकोत म्हणून सुलाबाई गप्प राहिल्या.

व्याही सयाजीराव जाळे घेऊन तळ्यावर आले, तो नखाएवढे बेडूक काठावर उड्या मारीत होते.

"पावनं, तुमचं मासं पळाया लागलं की!"

भाऊसोंचा चेहरा काळवंडला. तोच सुलाबाई पुढे झाल्या. "ह्यांचा काय दोष? मासं हायत म्हनून मीच सांगितलं."

"बायकांचं ऐकल्यावर असंच हुतंय," सयाजीराव हसले.

भाऊसोंना धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. "न्हाई," ते कसेबसे म्हणाले, "ती बेडूकच म्हनली व्हती. मीच तिला गप केली."

हसणे थांबले. सुलाबाईंनी पदर सावरला. "पावनं, पिठलं चालंल न्हवं?"

पंगतीत भाऊसोंची मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.
आपला नम्र, भगवान दादू सूर्यवंशी