धूमकाळाच्या डोक्यात राधाकिसन

पिंपळगावच्या माळावर भर उन्हाळ्यात बर्फ पडला, तवा आमच्या मेंढ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या का जसं म्याच काहीतरी केलं. म्या काहीच केलं न्हवतं. ते कंपनीनं केल्तं.

कंपनी म्हंजे 'वज्रलोक'वाली. मोबाईलवर ती सिरियल लागती बघा, राक्षस, बर्फाची राणी, उडते घोडे. सगळी लेकरं येडी झाल्याली त्याच्यापायी. तर कंपनीनं त्या वज्रलोकाची नगरीच बांधली आमच्या माळावर. फायबरचा किल्ला, मशिनीतून पडणारा बर्फ, आन् एक घसरगुंडी एवढी लांब का वर बसताना पोरगं बालवाडीत असायचं आन् खाली येस्तोवर पहिलीत जायचं. किल्ल्याच्या टोकावरून जालन्याच्या एमआयडीसीचा धूर दिसायचा. कंपनीवाले लोकायला सांगायचे, तो बघा राक्षसाचा मुलूख. फुकटात मुलूख भेटला त्यायला. आमचा एडका एक दिवस त्या घसरगुंडीवरून खाली आला, आन् गपचूप परत लाइनीत जाऊन हुबा राह्यला.

या नगरीत सगळ्यात मोठा मान धूमकाळ राक्षसाचा. तीन शिंगं, डोळ्यात लाल लाइट, तोंडातून धूर. त्याच्यासाठी मुंबईहून आणलेला माणूस आमच्या उन्हात दुपारलाच चक्कर येऊन पडला. मंग मॅनेजर हरिओम उंच माणूस धुंडत फिरून राह्यला होता, तर त्याला माझा राधाकिसन दिसला, बांधावरून मेंढरायला हाक मारताना. राधाकिसन माझा थोरला. सागाच्या खोडावानी उंच. आन् हाक अशी, का इकडं 'हुर्रर्र' म्हणला तर भोकरदनच्या स्टँडवर यष्टी ब्रेक मारती.

हरिओम म्हणला, "काका, राक्षस होता का?"

राधाकिसन म्हणला, "घरी इचारून सांगतो."

घरी आमी हो म्हणलो. नातीचं, शालूचं, लग्न तोंडावर आल्तं, पैसा लागत व्हता. शालूनं तेवढी एकच अट घातली. "पप्पा, आपल्या घरातल्या एका बी फोटोत तुमी न्हाईत. माझ्या बारशाला मेंढरं घेऊन बुलढाण्याकडं गेल्ते, दहावीच्या सत्काराला जाफराबादच्या शिवारात व्हते. लग्नात मला तुमचं तोंड दिसलं पायजेल. बस."

"दिसन की," राधाकिसन म्हणला. "तोंड कुठं जातंय?"

हरिओमनं कामाचा कायदा सांगितला. लोकायसमोर डोकं काढायचं न्हाई. कायबी होवो. डोक्यातून माणूस निघाला का लेकरायचा भरवसा तुटतो.

"तहान लागली तर?"

"आतल्या आत प्यायचं."

"घाम आला तर?"

"तो बी आतल्या आत."

आता आमच्या गावचा कायदा ऐका, कारण सगळा घोळ तिथंच झाला. आमच्याकडं आखाजीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, सोंगं निघतेत. मुखवटा चढला का मंग तो माणूस माणूस ऱ्हात न्हाई, त्याला नावानं हाक मारायची न्हाई. चढवताना मायनं ओवाळायचं, उतरवताना बायकोनं. जन्माला मायनं घालायचं आन् घरी बायकोनं आणायचं, असा हिशोब. न ओवाळता उतरवला तर सोंग अंगातच ऱ्हातं. आमच्या गल्लीतल्या रामकिसननं एका साली नरसिंहाचा मुखवटा तसाच काढून खुंटीला टांगला. तवापासून त्याला चहा इचारला तर तो डरकाळी फोडतो. बायकोला आता सवय झाली. छोटी डरकाळी म्हंजे बिनसाखरेचा.

तर नगरी उघडायच्या दिवशी राधाकिसनच्या डोक्यावर ते राक्षसाचं डोकं चढताना म्या ताट घेऊन हजर. कंपनीवाल्यायला लई कौतुक वाटलं, त्यायनं व्हिडिओ बी काढला. म्या कुंकू लावलं, ओवाळलं, सोंग बराबर चढलं. मंग म्या न् माझी सून सुगंधाबाई पहिल्या लाइनीत जाऊन बसलो.

खेळ सुरू झाला. धूमकाळ धूर सोडत आला, गरजला, मागच्या लाइनीतलं एक म्हातारं उठून बाहेर गेलं. आन् मंग त्यानं बर्फाच्या राणीला उचललं, खांद्यावर टाकलं आन् पळाला. राणी म्हंजे मस्तगडच्या बांगड्यावाल्याची पोरगी, पायल. निळी साडी, मुकुट. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

सुगंधाबाईनं न्हाई वाजवल्या.

"आत्याबाई," ती मला म्हणली, "तुमच्या लेकाला सांगा, आता तिकडंच ऱ्हा म्हणा मुलखात."

"अगं, खेळ हाये तो."

"माझ्या पायात काटा मोडला व्हता तवा मला म्हणले, हळूहळू ये. आन् हिला खांद्यावर!"

संध्याकाळी घरी सोंग उतरवायची येळ झाली. राधाकिसन हुबा. म्या ताट तयार केलं. सुगंधाबाई चुलीपुढून उठंना.

"सुगंधे, ओवाळ की," राक्षसाच्या डोक्यातून आवाज आला.

"राणीला सांगा."

"अगं, ती पायल मला काका म्हणती!"

"मंग काकाला ओवाळंल ती."

न ओवाळता डोकं काढावं तर रामकिसनवानी गत. रोज डरकाळी फोडणारा नवरा परवडंल, पण डरकाळी फोडणारा व्याही कोण पदरात घेईल? तर राधाकिसन तसाच राह्यला. दिवसा नगरीत धूमकाळ, रात्री अंगणात धूमकाळ. शिंगं जमिनीत रुतवून निजायचा, म्हंजे कूस बदलता येत न्हवती. डोळ्याचे लाल लाइट बंद कराया बटन मागं व्हतं, ते त्याच्या हाताला येईना, तर गल्लीत रात्रभर लाल उजेड. शेजारीण बाहेरच्या दोरीवर धुणं टाकायची सोडून त्याच्या शिंगावर टाकायची, उंच असल्यानं लवकर वाळतंय म्हणे. यष्टीत बसला तर कंडक्टरनं शिंगाचं लगेज लावलं.

आन् लोकायनं काय करावं? ओवाळलेलं सोंग हाये म्हणल्यावर निवद आणायला लागले. पुरणपोळी, भरीत, शिरा, ज्याला जे जमंल ते. नवस बी बोलले. एकीचा हरवलेला बकरा सापडला, झालं, लाइन लागली. सोंगाला न्हाई म्हणता येत न्हाई, हा बी आमचा कायदा. राधाकिसन त्या राक्षसाच्या जबड्यातून सगळं खात राह्यला. म्या म्हणलं, खा बाबा, मेंढरामागं फिरून कधी पोटभर खाल्लंस?

लग्नाचा दिवस उजाडला तरी सुगंधाबाई काही बधली न्हाई. मांडव भरला. नवरदेव अंगद, एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात कामाला, सोबत त्याचे सगळे दोस्त. हरिओम बी आल्ता, डोक्याच्या मागं मागं फिरत, कारण डोकं कंपनीचं. आन् नवरदेवाचा बाप गोरक्षनाथ तर निस्ता हरखून गेल्ता.

"व्याही, डोकं काढूबिढू नका हां," तो राधाकिसनला म्हणला. "आमच्याकडचे निम्मे लोक राक्षस बघायलाच आलेत. टेम्पो वाढवावे लागले मला."

"बिलकुल काढायचं न्हाई," हरिओम म्हणला. "इथं शंभर लेकरं हायेत."

सगळ्यायला राक्षस पायजे व्हता. फकस्त एका जणीला न्हवता. शालू मुंडावळ्या बांधून खोलीत बसली, आन् आतून कडी.

म्या दाराशी गेले. "शाले, भटजी बोलावून राह्यले."

"आज्जे, मी न्हाई येत. पप्पांचं तोंड दिसल्याबिगर मी बोहल्यावर चढणार न्हाई."

"अगं, मुहूर्त टळंल."

"टळू दे. कन्यादान काय राक्षसानं करायचं? उद्या सासरी कोणी म्हणलं, तुला बापानं दिलं का राक्षसानं पळवलं, तर काय सांगू?"

राधाकिसन दाराच्या ह्या बाजूला हुबा. तीन शिंगाचं एवढं थोरलं डोकं खाली घालून हुबा राह्यला, आन् नाकातून थोडा धूर आला. मला आयुष्यात पहिल्यांदा राक्षसाची कीव आली.

मंग म्या पायलला धुंडलं. आल्ती बिचारी आहेर घेऊन. तिचा हात धरला आन् थेट स्वयपाकाच्या चुलवणापाशी नेली, सुगंधाबाईपुढं हुबी केली. "सांग," म्हणलं, "तुला पळवून नेताना तो काय बोलतो ते सांग."

पायल लाजली. "काकू, माइक बंद असतो तवा... ते म्हणतात, पोरी, दुपारी काय खाल्लंस गं, कंबर गेली माझी."

"आन्?" म्या म्हणलं.

"आन् म्हणतात, आमची सुगंधा सरकीची दोन पोती एकटी उतरवती टेम्पोतून. खरी राणी ती हाये. तू निस्ती मुकुटाची."

सुगंधाबाईनं उलथनं खाली ठेवलं. "पोती उतरवताना तर कधी म्हणले न्हाईत," ती पुटपुटली. पण पदर खोचला, ताट उचललं आन् मांडवात आली. राक्षसापुढं हुबी राहून ओवाळलं, नीट, तोंडाकडं न बघता. "चला," म्हणली, "काढा आता."

राधाकिसननं दोन्ही हातानं डोकं वर उचललं. डोकं निघंना.

परत उचललं. निघंना. निवद खाऊन खाऊन त्याचं तोंड आतल्या आत फुगलं व्हतं. मडक्यात वाढलेल्या भोपळ्यावानी गच्च बसलं व्हतं.

मांडवात एकच कालवा. अंगदचे दोस्त बाह्या सारून म्होरं आले. "काकू, कटर आणू का कारखान्यातून? मिनिटात कापतो."

"कापता?" हरिओम किंचाळला. "साहेबांनी मुंबईहून पाठवलंय ते डोकं!"

"आन् आतलं कुठून पाठवलंय?" म्या म्हणलं. "ते बी बघा जरा."

सुगंधाबाईनं सगळ्यायला मागं सारलं. राक्षसाच्या भोवती एक चक्कर मारली, गळ्यापाशी दोन बोटं घालून चाचपलं. मंग मला म्हणली, "आत्याबाई, हे तर अडलंय. करडीचं तेल आणा. आन् घोंगडी."

आता तुमाला म्हणून सांगते, मेंढी अडली का आमच्याकडं डॉक्टर येस्तोवर कोणी थांबत न्हाई. सुगंधाबाईनं किती कोकरं वढून काढली असतील, त्याचा हिशोब मेंढ्यायला बी न्हाई. तिनं राधाकिसनला घोंगडीवर आडवा निजवला. गोरक्षनाथाला म्हणली, "मामा, तुमी हे शिंग धरा. मॅनेजर, तुमी ते. अंगदराव, मधलं तुमचं." नवरदेव बाशिंगासकट शिंगाला लटकला. तिनं कोपरापर्यंत तेल चोळलं आन् गळ्यातून हात आत घातला.

"कान लागला," ती म्हणली. "ओ, ऐकू येतंय का? निस्तं वढून भागत न्हाई. कळ आली पायजे. कळ द्या!"

"कशी देऊ?" आतून आवाज आला.

"मेंढरायला हाक मारता तशी मारा. पोटातून!"

"हुर्रर्र!"

डोकं बोटभर सरकलं. आन् माळावरची मेंढरं उठली.

"अजून!"

"हुर्रर्रर्र!"

मेंढरं कुंपण मोडून मांडवात. अख्खा कळप. पंगतीतल्या बुंद्या गेल्या, हारतुरे गेले, भटजीच्या ताटलीतल्या अक्षदा गेल्या. भटजी खुर्चीवर चढून म्हणले, "मंगलाष्टकं म्हणू का थांबू?"

"थांबा, डोळे आले!" सुगंधाबाई ओरडली. "मामा, शिंग सोडू नका! ओ शालूचे पप्पा, एकच कळ, दम धरून!"

तिसऱ्या हाकंला मांडवाचे खांब हालले, भोकरदनला काय झालं ते देवाला माहीत, आन् 'पुच्च' करून राधाकिसन बाहेर आला. लालबुंद, तेलानं माखलेला, डोळे मिचकवत, गाल असे गुबगुबीत का म्याच वळखलं न्हाई, म्या जलमाला घातला तवा बी एवढा गुटगुटीत न्हवता. सुगंधाबाईनं बोटानं त्याचं नाक मोकळं केलं, तोंडात फुंकर मारली, घोंगडीनं खसाखसा पुसलं. कोकराला करतेत तसं, सवयीनं. आन् पाठीवर थाप मारून म्हणली, "हुबं ऱ्हा. चल, हुबं ऱ्हा."

तो लटपटत हुबा राह्यला.

हरिओम त्या रिकाम्या डोक्याला मिठी मारून बसला व्हता. "संपलं," म्हणत व्हता, "लेकरांनी बघितलं, सगळा भरवसा तुटला." पण लेकरं आ वासून बघून राह्यली व्हती. त्यातलं एक बारकं पोरगं, चड्डी सावरत, जोरात ओरडलं,

"धूमकाळला बाप झाला!"

झालं. सगळी लेकरं नाचायला लागली, धूमकाळला बाप झाला, धूमकाळला बाप झाला. हरिओमनं हळूच डोळे उघडले आन् सुगंधाबाईकडं बघून म्हणला, "काकू, हे रोज जमंल का?" सुगंधाबाईनं तेलाचा हात त्याच्याच सदऱ्याला पुसला.

खोलीची कडी वाजली. शालू बाहेर आली. बापाच्या म्होरं येऊन हुबी राह्यली, त्या गुबगुबीत गालाकडं बघितलं, हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, मुंडावळ्या सगळ्या वाकड्या.

"धूमकाळला न्हाई रे पोरांहो," ती म्हणली. "मला झाला."

राधाकिसननं तोंड उघडलं. म्या जीव मुठीत धरला, डरकाळी निघती का काय.

"शाले," तो म्हणला, "भूक लागली गं."

"आधी कन्यादान!" भटजी खुर्चीवरून ओरडले. "मुहूर्त चाललाय. बापाला तेवढं कोरडं करून घ्या जल्दी, आन् ती मेंढी माझ्या पोथीवरून उठवा कोणीतरी."