पाणी भरून आलेच, म्हणाली होती

मी एक जुनी सुटकेस आहे, मित्रांनो. आज तुम्हाला मी काळी दिसते, पण हा माझा मूळ रंग नव्हे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी हिरवीगार होते. माझी बिजागरी बसवणारा कारागीर दोनदा झाकण आपटून म्हणाला होता, "ही काही लवकर दगा देत नाही." त्या शब्दांवर मी बरीच वर्षं जगले.

माझी पहिली मालकीण शिकायला परदेशी निघाली होती. दबक्या पावलांनी चालायची म्हणून घरात तिला मनी म्हणत. वाटेत एका अवाढव्य विमानतळावर विमान बदलायचं होतं. भर दुपार होती, पण काचांबाहेर धुकं इतकं दाट होतं, की सगळीकडे नुसता पांढरा उजेड पसरला होता. मनीने पिवळा स्वेटर घातला होता. एका खांबाजवळच्या बाकापाशी तिने मला उभं केलं आणि माझ्या पाठीवर थोपटून ती म्हणाली, "थांब हं, पाणी भरून आलेच." बाटली घेऊन ती लांबलचक गल्लीतून गेली आणि टोकाला वळली.

ती परत आली नाही. तिच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. माणसं धावली, दारं उघडली, कॅमेरे तपासले. वळणापर्यंत ती दिसत होती, वळणानंतर नाही. मला हरवलेल्या सामानाच्या खोलीत नेलं. माझ्यातले कपडे तिच्या घरी गेले असतील. मी मात्र तिथेच राहिले. पुढे खोली रिकामी करताना मला कोणीतरी उचललं आणि हात बदलत बदलत मी एका शिंप्याच्या दुकानात येऊन पडले.

शिंपी मोठा मायाळू होता. त्याची मुलगी घरभर गरगर फिरायची, म्हणून तो तिला भिंगरी म्हणे. भिंगरीला परदेशी शिकायला प्रवेश मिळाला, तेव्हा त्याने मला धुतलं, नवी चाकं लावली आणि वरून जाड काळ्या कापडाचं कव्हर असं शिवलं, की माझा हिरवेपणा तसूभरही दिसेना. "बघ, नवी नवरी झाली की नाही?" तो म्हणाला. भिंगरी हसली, आणि बाप मशीनकडे तोंड करून उगाच तेल घालत बसला.

निघाल्या दिवशी भिंगरीचे फार हाल झाले. पहाटेची बस बंद पडली. पहिलं विमान चार तास उशिरा सुटलं. रांगा, तपासण्या, बूट काढा, बूट घाला, हा कागद नाही तो कागद दाखवा. अन्नाचा कण पोटात नव्हता. विमान बदलायच्या ठिकाणी ती धापा टाकत पोहोचली, तर पुढचं विमान डोळ्यांदेखत निघून गेलेलं. आता सहा तासांनी दुसरं.

आणि मित्रांनो, ती ज्या बाकावर कोसळली, तो बाक मी ओळखला. तोच खांब, तीच गल्ली. काचांबाहेर तेच पांढरं धुकं.

तिने घरी फोन लावला. "बाबा, पाय इतके सुजलेत ना, बुटांत मावेनात."

"काही खाल्लंस का गं?"

"खाते. आधी पाणी बघते."

"बॅग सोडून कुठे उठू नकोस."

"नाही हो."

ती उठली आणि मला ओढत गल्लीतून निघाली. मला ओरडावंसं वाटलं, पण चाकं जिकडे नेतील तिकडे जाणं एवढंच आमच्या हाती असतं. वळणापलीकडे पाण्याचा नळ होता. त्याच्या बाजूला एक करडं दार, अर्धवट उघडं. आतून आवाज आला,

"दमलीस ना गं?"

आमच्या भाषेत. दिवसभरात भिंगरीशी तिच्या भाषेत फोनखेरीज कोणी बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हो," ती म्हणाली.

"मीही. इकडे ये, बसायला जागा आहे."

तो आवाज मनीचा होता.

दाराच्या फटीत पिवळा स्वेटर दिसला. चेहरा त्या पांढऱ्या उजेडात धड दिसत नव्हता. भिंगरी दाराशी गेली. "तू कधीची आहेस इथे?"

"आत्ताच आले. माझी बॅग पाहिलीस का कुठे? बाकापाशीच ठेवली होती."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"कशी आहे बॅग?" भिंगरीने विचारलं, आणि तेवढ्यात कोणीतरी तिचा दंड घट्ट धरला. झाडलोट करणारी एक प्रौढ बाई होती. हातवारे आणि मोडक्यातोडक्या शब्दांत ती विचारत होती, "पोरी, कोणाशी बोलतेस? केव्हाची उभी आहेस!"

भिंगरीने वळून पाहिलं. दार बंद होतं. कडीला साखळी होती, साखळीवर धुळीचा थर. ती दोन मिनिटं बोलली असेल, पण घड्याळात पाच तास उलटून गेले होते.

बाईने तिला खुर्चीवर बसवलं, आपल्या डब्यातली भाकर दिली, पाणी पाजलं. मग विमानाकडे बोट दाखवून घाई करायला लागली. पण भिंगरी हलेना. "आधी मला हे कोणाला तरी सांगायचंय," ती म्हणाली.

चौकशीच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं. "फार दमलं की असे भास होतात," तो म्हणाला.

"भास असेल. पण ती तिची बॅग शोधत होती. पिवळा स्वेटर होता. लिहून घ्या."

अधिकाऱ्याचा हात थबकला. त्याने जुनी नोंद काढली आणि हळू आवाजात वाचली. मुलगी, पिवळा स्वेटर, सोबत हिरवी सुटकेस. मी भिंगरीच्या गुडघ्याला टेकून उभी होते, नखशिखान्त काळी. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने नवी नोंद केली, भिंगरीचा फोन नंबर घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "तिची आई अजून दर महिन्याला विचारते."

मग ती झाडलोटवाली बाई मला ओढत पुढे आणि भिंगरी मागे, अशा आम्ही धावलो. विमान मिळालं.

आठवड्याने वसतिगृहात फोन वाजला. पलीकडे मनीची आई होती. तिने विचारलं, "आवाज कसा होता गं तिचा?"

"गोड होता, काकू," भिंगरी म्हणाली. "मला एकटं वाटू नये म्हणून बोलत होती."

फोनवर दोघी खूप रडल्या. आता दर रविवारी बोलतात. परवा तर काकूंनी भिंगरीला, नीट जेवत नाही म्हणून, चांगलं फैलावर घेतलं.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की तुम्ही माझं वजन करता, माझं कुलूप ओढून पाहता, मला दोरीने आवळता. तेवढीच काळजी मला धरणाऱ्या हाताचीही घ्या. वाटेत कोणी एकटं, गळून गेलेलं दिसलं, तर दमलात का म्हणून विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.