मन्मथचे सोमवार

मित्रांनो, आता मला सुरू व्हायला चहा उकळून निघेल एवढा वेळ लागतो. मी आहेच एक जुना लॅपटॉप. पण एके काळी बीडकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचा बास्केटबॉल संघ माझ्या सल्ल्याने चालायचा.

संघाच्या नोंदी ठेवणाऱ्या सत्यभामाबाई प्रत्येक सामन्यातली धाव, उडी, नेम माझ्यात भरायच्या आणि मी आलेख काढायचो. प्रशिक्षक सुंदरराव म्हणायचे, "ह्याला ना नातं ना गोतं. हा खरंच बोलणार." मी फुगून जायचो.

मग दुष्काळ पडला. उसाचं टिपरूही मिळेना, गाळप बंद झालं आणि एका पगारी खेळाडूला कमी करायचं ठरलं. कोणाला, ते मला विचारलं. मी धर्मापुरीच्या मन्मथचं नाव दिलं. त्याचा नेम उत्तम, पण काही सामन्यांत शेवटी शेवटी त्याचा पाय उचलत नव्हता. बाईंनी त्याला आलेख दाखवून विचारलं, "काही दुखतं का रे?"

"न्हाई बाई," म्हणून तो खाली मान घालून गेला.

संघाचे बूट परत द्यायला तो आला, तेव्हा त्याची आई बसम्मा सोबत होती. बाईंनी चहा मागवला. बसम्मांनी कप बाजूला सारला.

"आज सोमवार हाय. पाऊस पडंस्तोवर आमच्या घरानं महादेवाला सोमवार बोललेत. दिवस मावळंस्तोवर पाणीबी न्हाई."

बाई मन्मथकडे वळल्या. "मग तू बोलला कावून न्हाईस?"

"उपास काय सांगत फिरायचा असतो का, बाई?"

बाईंनी तिथंच माझ्यात वार भरले. त्याचा पाय उचलला नव्हता, ते सगळे सामने सोमवारचे निघाले. एरवी त्याच्या तोडीचा संघात कोणी नव्हता. तारखा माझ्याकडे होत्या, वार मी कधी बघितलाच नव्हता. बाई मला घेऊन तशाच सुंदररावांकडे गेल्या. त्यांनी आलेख बघितला.

"नाव वर गेलंय," ते म्हणाले. "आता माझ्या हातात न्हाई."

मन्मथ आईला घेऊन एसटीला गेला. पुन्हा तो संघात आला नाही. मला लई वाईट वाटलं, हे सरळच सांगतो.

आता मी कपाटात पडून असतो. माझ्या वयाची यंत्रं 'आम्हाला जपा' म्हणतात. मला नका जपू, धूळ मला चालते. तुमच्या हाती माझ्याहून हुशार यंत्रं येतील, त्यांना खुशाल विचारा. फक्त ज्याच्याविषयी विचारताय, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा आणि म्हणा, "जेवलास का रे?"