चिमणीचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, हसू नका! माझ्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पुढचं एक बटण गायब आहे, हे मला ठाऊक आहे. मी समाजशास्त्र विभागातला जुना टेपरेकॉर्डर. एके काळी मला घेऊन जाण्यासाठी पीएचडी करणाऱ्या मुलामुलींची भांडणं व्हायची. नवा होतो तेव्हा माझा आवाज इतका स्वच्छ होता, की स्वतःचा खोकला ऐकून विभागप्रमुखांनी डॉक्टर गाठला होता.

माझी सगळ्यांत लाडकी होती चिमणी. हे नाव शिपाईकाकांनी ठेवलं, कारण तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबतच नसे. परक्या घरी राहून आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायकांवर ती प्रबंध लिहीत होती. पहिल्या मुलाखतीला तिने मला पिशवीत घालून नेलं. अशाच एक मावशी समोर बसल्या होत्या.

"मावशी, पेशंट गेला की वाईट वाटत असेल ना? वाटणारच! आणि घरचेही नीट वागत नसतील, हो ना?"

"हो," मावशी म्हणाल्या. पुढच्या प्रश्नालाही "हो." कॅसेट भरली आणि चिमणी खूश झाली.

आमच्या विभागात एक रीत होती. आपली पहिली मुलाखत आपणच ऐकायची आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. चिमणी उतरवायला बसली आणि तिचा चेहरा पडत गेला. शेवटी ती तिच्या गाईड मॅडमकडे गेली.

"मॅडम, यात मावशी कुठे आहेत? सगळीकडे मीच बडबडतेय!"

"मग पुन्हा जा. एकदा विचार आणि गप्प बस. जीभ कितीही शिवशिवली तरी."

आम्ही पुन्हा गेलो. "मावशी, शेवटचा पेशंट गेला तेव्हा काय झालं?" चिमणीने एवढा एकच प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. माझी चाकं नुसतीच फिरत होती. मला वाटलं, आता मावशी उठून जातात! पण मावशी बोलल्या, "त्या आजींना शेवटची आंघोळ मी घातली गं. मग सूनबाईंनी माझी बॅग दारात आणून ठेवली. रडायचं राहूनच गेलं बघ." त्या दिवशी त्या रडल्या. चिमणीने त्यांचा हात हातात घेतला, पण मध्ये एक शब्द बोलली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. नोकरी मात्र मिळेना. जिथे जाईल तिथून नकार! "पुरे झालं शिक्षण, परत ये," असा घरून निरोप आला. आता एकाच कॉलेजची आशा उरली होती. तिथली नोकरीची मुलाखतही फसली, तर हे काम कायमचं सोडायचं, असं तिने ठरवलं. मॅडमनी सरावासाठी मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हाच विषय का निवडलात?"

चिमणी पाठ केलेले मोठमोठे शब्द घडाघडा बोलू लागली आणि मध्येच अडली. "नाही जमत, मॅडम. दुसऱ्यांचं ऐकायला शिकले, पण माझं सांगण्यासारखं माझ्याकडे आहे काय?"

मॅडमनी धीर दिला नाही की उत्तर सुचवलं नाही. त्या नुसत्या थांबल्या. बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावलं, तेसुद्धा टेपवर आलं आहे.

"माझ्या आजोबांना एक बाई सांभाळायच्या," चिमणी हळूच म्हणाली. "भरवायच्या, कुशीवर वळवायच्या. आजोबा गेले आणि त्याही गेल्या. पुढे मी त्यांना शोधायला निघाले, तर घरात कुणालाच त्यांचं नाव माहीत नव्हतं. मलासुद्धा नाही, मॅडम. आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो."

"उद्या हेच सांग," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

तिने तेच सांगितलं आणि तिला नोकरी मिळाली. माझा जीव भांड्यात पडला! शिपाईकाकांनी तर सगळ्यांना चहा पाजला. आता ती दूरच्या गावी शिकवते आणि मी कपाटात धूळ खात पडलो आहे.

माझी धूळ झटकली नाहीत तरी मी रागावणार नाही, मित्रांनो. म्हातारपणी एवढं चालायचंच. पण तुमच्या घरी आजी-आजोबांना भरवायला कुणी येत असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांना त्यांचं नाव विचारा. आणि नाव कळलं की लगेच खेळायला पळू नका. जरा थांबा. त्यांना आणखी काही सांगायचं असेल.