चिरोझचा पहिला घास

"थुंकू नकोस," अपोस्तोल म्हणाला. "गीळ. गिळल्यावरच खरं काय ते कळतं."

स्तोयना बेसिनवर वाकली होती. तोंडात नखाएवढा सुक्या माशाचा तुकडा आणि डोळ्यांत पाणी. तिने डोळे मिटून तो कसाबसा गिळला आणि नळाखाली ओंजळ धरली.

"पाणी नको गं! पाण्यानं सगळं धुऊन जातं. आता सांग, काय लागलं?"

"मासा लागला."

"तो तर आहेच. पुढं?"

"मेलेला मासा."

अपोस्तोल हसला. तो रागावत नसे. गल्लीतल्या कितीतरी पोरांना त्याने धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात पोहायला शिकवले होते, आणि पोर कितीही रडले, बुडाले, गळ्याला मिठी मारून बसले तरी त्याचा आवाज कधी चढला नव्हता. तोच आवाज त्याने आता बायकोसाठी काढला.

"हे बघ, आधी मीठ लागतं. मीठ मांजरालाही कळतं, त्यात हुशारी नाही. ते ओसरू द्यायचं. मग तेल येतं, जिभेच्या दोन्ही कडांना. चांगल्या माशाचं तेल जरासं गोड लागतं. बिघडलेल्याचं घशाशी अडकतं, अक्रोडाची साल चावल्यासारखं. घाई केलीस तर मिठापाशीच थांबशील."

"दिवसभर चादरी धुऊन आलेय मी. मला आता झोपेपाशी थांबायचंय."

"एकच तुकडा अजून."

स्तोयना पोमोरिये गावाच्या आरोग्यधामात धुलाईचे काम करी. सांधे धरलेली माणसे देशभरातून तिथे औषधी काळ्या चिखलात लोळायला येत आणि त्यांनी माखलेल्या चादरी ती आणि आणखी दोघी उकळत्या पाण्यात घालत. संध्याकाळी पाय इतके सुजत की बुटांचे बंद सोडायलाही वाकवत नसे. त्यावर आता हा माशाचा अभ्यास! खरे तर माशाशी तिचे लग्नापासूनच वाकडे होते. ती डोंगरातली, ओकच्या जंगलातल्या गावाची. घेवडा, मेंढीचे चीज आणि धुराचा वास यांवर वाढलेली. समुद्राकाठी नांदायला आली तेव्हा पहिल्याच वसंतात सासूने तिच्या उशाच्या खिडकीवर माशांच्या जोड्या टांगल्या होत्या. 'हे माणसांनी खायचं?' असे ती बोलून गेली, आणि गल्ली तिला तेव्हापासून 'डोंगरातली शेळी' म्हणू लागली. तिनेही मग हट्टाने तो मासा कधी तोंडाला लावला नाही. करून मात्र सगळे दिले. चिरोझ, म्हणजे हा उन्हावाऱ्यात टांगून सुकवलेला मासा, निखाऱ्यावर भाजायचा, दगडावर ठेवून लाकडी हातोडीने ठेचायचा, साल काढायची, दोऱ्यांसारखे मांस सुटे करून शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवायचे, वर शेपू आणि तेल. वास केसांत बसे. आठवडाभर निघत नसे.

आणि आता साठीला आल्यावर ती तो चाखायला शिकत होती. त्याचे कारण त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

हिवाळ्यात अपोस्तोलला मोठा ताप आला होता. ताप उतरला, खोकला थांबला, पण जाताना त्यांनी त्याची वासाची आणि चवीची जाण दोन्ही नेल्या. कॉफी म्हणजे गरम पाणी झाले, पाव म्हणजे कापूस. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. दुसऱ्या कुणी हे चारचौघांत सांगून टाकले असते, दोन दिवस हळहळ करून घेतली असती. अपोस्तोलला ते जमण्यासारखे नव्हते. नाव विकली होती, जाळी पुतण्याला दिली होती, गुडघे गेले होते. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती.

त्यांच्या गल्लीची रीत अशी, की संत जॉर्जचा सण झाला की पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकाच टेबलावर वर्षाचा पहिला चिरोझ फोडायचा. पहिला घास एकाच माणसाने घ्यायचा. तो "खाण्याजोगा आहे" म्हणाला की मगच राकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली उघडायची. नाही म्हणाला तर ज्याने केला त्याने मुकाट्याने ताट उचलायचे. त्यावर वाद नाही. हा मान अपोस्तोलच्या चुलत्याकडून त्याच्याकडे आला होता. या उग्र वासाच्या माशाची वाट पाहत सारी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत बसे, आणि तो सावकाश चावत असे.

"सांगून टाका ना," स्तोयनाने एकदा म्हटले होते. "तुमचेच मित्र आहेत."

"म्हणून तर नाही," तो म्हणाला. "परक्यानं कीव केली तर उठून जाता येतं."

मग त्यांनी एक युक्ती ठरवली. ठेचायचे, सोलायचे काम दरवर्षीप्रमाणे स्तोयनाच्या स्वयंपाकघरात होणार. ती तिथेच प्रत्येकाचा मासा चाखणार. ताट त्याच्यापुढे ठेवताना पावाचा तुकडा उजवीकडे ठेवला तर चांगला, डावीकडे ठेवला तर टाकाऊ.

"पण एक," अपोस्तोलने बजावले. "माझ्याशी खोटं बोलायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही."

"तुमच्यासाठी मासा खातेय मी. याहून आणखी काय करायचं?"

महिनाभर ती बाजारातून आणलेल्या सुक्या माशावर रोज संध्याकाळी शिकली. पहिले काही दिवस नुसते मीठ. मग एकदा तिला कडांना काहीतरी जाणवले आणि ती चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. एका संध्याकाळी तर त्याने न सांगता तिने दुसरा तुकडा उचलला. अपोस्तोलने ते पाहिले आणि खिडकीबाहेर बघत बसला.

रविवारी वारा पडला होता. गल्लीत अंजिराच्या झाडाखाली टेबल मांडले होते. सहा-सात घरांची माणसे जमली. या वर्षी चिरोझ मात्र दोनच घरांनी केला होता. युर्दानची जीभ सकाळपासूनच सुटली होती. तो पूर्वी बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि गप्प बसणे त्याला ठाऊक नव्हते.

"अपोस्तोलदादा, या वर्षी नापास केलंत ना, तर मी थेट राजधानीत, सोफियाला तक्रार करणार आहे!"

"कर. ते नदीतला उकडलेला कार्प मासा खातात, त्यांना काय कळतंय."

सगळे हसले. स्तोयनाने युर्दानचा चिरोझ आणला. तो सफ्रिद नावाच्या लहान, रोड माशाचा होता; हल्ली सगळे त्याचाच करीत. आत तिने चाखला होता आणि गोडवा अगदी स्वच्छ आला होता. तिने पाव उजवीकडे ठेवला. अपोस्तोलने घास घेतला, पूर्वीइतकाच वेळ लावला, भुवया वर केल्या.

"खाण्याजोगा आहे. मीठ बेतानं घातलंयस. बायकोनं घातलं असणार."

"बघा! मेहनत माझी आणि नाव तिचं!"

टाळ्या पडल्या, बाटली उघडली. आता एवढा तनासचा राहिला की झाले, असे स्तोयनाने मनात म्हटले. तनासचे ताट मात्र तिच्या स्वयंपाकघरात आलेच नव्हते.

तनास समोरच्या घरातला. तो आणि अपोस्तोल पंचवीस वर्षे एकाच नावेवर होते. तो आपल्या दारातून आला तेव्हा हातात पांढऱ्या फडक्याने झाकलेले ताट होते आणि मागून त्याची बायको कालिना, तोंडावर हात धरून हसत.

"तीन आठवडे कुणाला जवळ फिरकू दिलं नाही यांनी," ती म्हणाली. "मला माझ्याच माळ्यावर बंदी!"

तनासने फडके काढले. "सफ्रिद नाही हा. बघ नीट. बांगडा आहे, अपोस्तोल! बांगड्याचा चिरोझ!"

सगळे ताटावर वाकले. या लोकांच्या तरुणपणी चिरोझ बांगड्याचाच असे. वसंतात अंडी घालून परतणारा बांगडा हाडकुळा झालेला असे, अंगावर चरबीचा थेंब नाही, म्हणून तो उन्हावाऱ्यात न बिघडता काचेसारखा सुके. मग तो बांगडा या समुद्रात येईनासा झाला. आता मिळे तो उत्तरेकडून बर्फात येणारा, जाड, चरबीने भरलेला. तो टांगू नये हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तनासलाही होते. पण हिवाळ्यात मित्र मरता मरता वाचला होता, आणि त्याला एकदा तरी जुना घास द्यावा हे तनासच्या मनाने घेतले होते. नीट मीठ घातले, वारा मिळाला, तर एखादे वेळी जमेलही, असे त्याने स्वतःला पटवले होते.

स्तोयनाने ताटाकडे पाहिले. मांसाच्या कडेला पिवळी झाक होती. "तनासभाऊ, आणा इकडे, जरा शेपू घालून देते," ती पुढे होत म्हणाली.

"शेपू-बिपू काही नको, वहिनी. आधी हे." आणि तनासने आपल्याच बोटांनी एक घसघशीत तुकडा उचलून अपोस्तोलच्या तोंडात घातला.

अपोस्तोल चावू लागला. चावता चावता त्याने स्तोयनाकडे पाहिले. तिचे दोन्ही हात रिकामे होते. तिने अजून काही चाखलेच नव्हते. मान हलवावी तर कशी हलवणार? सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि सर्वांत जवळून तनास. अपोस्तोलने घास गिळला.

"खाण्याजोगा आहे," तो म्हणाला. मग मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "अगदी तेव्हासारखा."

तनासचा चेहरा उजळला. त्याने स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. स्तोयनानेही घेतला. मीठ आले, ओसरले, आणि मग ते घशाशी येऊन बसले, कडू, जुन्या दिव्याच्या तेलासारखे. इतके स्पष्ट की शिकण्याची गरजच पडली नसती.

तनासचा जबडा थांबला होता. तो अपोस्तोलकडे बघत होता, आणि स्तोयनाला दिसले, की त्याला हिवाळ्यापासूनचे सगळे आत्ता, या एका क्षणात कळत आहे. युर्दाननेही घास घेतला होता, आणि तो थुंकायला त्याचा हात रुमालासकट तोंडाकडे जात होता. तनासने त्याच्याकडे नुसते पाहिले. हात वाटेतच वळला आणि पेल्याकडे गेला.

"ओत, ओत सगळ्यांना," तनास म्हणाला. "अपोस्तोल म्हणतोय तेव्हासारखा आहे."

"तेव्हासारखाच," युर्दान म्हणाला आणि घास गिळला. "हा मासा मी मरेपर्यंत विसरणार नाही."

लोक हसले. ताट फिरले. एकेकाने तुकडा घेतला, चावला, मान डोलावली. कालिनाने घेतला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले; शिरका जास्त झालाय, असे ती पुटपुटली. अपोस्तोल जुन्या नावेची गोष्ट सांगू लागला. तो खुशीत होता, कितीतरी महिन्यांनी.

स्तोयना खुर्ची ओढून ताटापाशी बसली. तिने दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. जेवढे ती खाईल तेवढे इतरांना कमी, एवढाच हिशेब.

"अगंबाई," पलीकडून कुणीतरी म्हणाले, "डोंगरातली शेळी मासा खायला लागली!"

"आज आवडला," स्तोयना म्हणाली.

रात्री तिने त्याचे बूट काढून ठेवले. तो पलंगाच्या कडेला बसला होता.

"खरं सांग," अपोस्तोल म्हणाला. "कसा होता?"

ती त्याच्या मोज्यांच्या घड्या घालत राहिली. खोटे बोलायचे नाही, असे ठरले होते.

"मीठ थोडं जास्त होतं," ती म्हणाली.

"वाटलंच मला. तनासचा हात पहिल्यापासून सैल." तो समाधानाने आडवा झाला आणि लगेच झोपला. स्तोयनाला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

सकाळी तिची पाळी लवकरची होती. ती दार ओढून बाहेर आली तेव्हा गल्लीत कुणी नव्हते. समोर तनास शिडीवर चढून माळ्याच्या खिडकीतून उरलेले बांगडे काढत होता. एकेक जोडी दोरीवरून सोडवायची आणि आवाज न करता पोत्यात सोडायची, असे त्याचे चालले होते. तिला पाहून तो थांबला. दोघांनीही अपोस्तोलच्या बंद खिडकीकडे पाहिले.

तनासने डोक्यावरची टोपी काढली आणि शिडीवर तसाच उभा राहिला. स्तोयनाने मान लववली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती कामावर निघाली.