मुरमाचा कोपरा

बचत गटाची सहल दौंडकडच्या पक्षी केंद्रात न्यायची कल्पना माझी नव्हती. उन्हातान्हात पाखरं बघत हिंडणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं माझं मत. तरी शेखलालमामांच्या जीपमध्ये बायकांबरोबर बसले. निघताना नवऱ्याला बजावलं, "ट्रॅक्टर आलाच हाय, तर बांधाकडचा मुरमाचा कोपरा बी नांगरून घ्या. यंदा मी ऐकायची न्हाई."

आमचे हौशीराम दरवर्षी तेवढा कोपरा सोडतात. फाळ मोडतो म्हणे. आळस, दुसरं काय! सहा वर्षं मी त्यावरून त्यांचं डोकं खातेय.

केंद्रात माळ होता तसाच राखलेला. गवत, बोरीची झुडपं, लांबवर चिंकारा. तिथं पाखरं दाखवणाऱ्या अंकितानं माझ्या हातात दुर्बीण दिली. "ती बघा, धाविक. माळ कमी झाले, तशी तीही दिसेनाशी झाली."

पांढरे उंच पाय. चार पावलं पळायची, थांबायची, वाकायची. ही तर आमच्या कोपऱ्यातली!

"घरटं कुठं करती ही?"

"करतच नाही. उघड्या मुरमावर अंडी घालते. मातीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत."

आज तर तिथं नांगर फिरणार होता! फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात यांना काय ऐकू येणार! बायका तळ्याकडे निघाल्या, मी जीपकडे पळाले.

"हिच्या अंगात वारं शिरलं का काय?" रंगुबाई ओरडली.

"मामा, मला वडगावला आमच्या रानात सोडा. ह्या बायकांना न्यायला मागनं या."

मामांनी गाडी हाणली, तरी मला ती रांगतेय असंच वाटत होतं. सारखा फोन लावत होते.

रानात ट्रॅक्टर बंद होता. हौशीराम बांधावर बसले होते. कोपरा पुरता उलथलेला.

"तिथं पाखरू बसतं, ठावं व्हतं तुम्हाला?"

"व्हय. म्हणून तर सोडायचो."

"मग बोलला का न्हाई?"

"पाखरापायी रान पडीक ठेवतो म्हणलो असतो, तर तू हसली असतीस."

हसलेच असते.

"दोनदा उतरून बघितलं," ते म्हणाले, "अंडी काय दिसली न्हाईत. म्हणलं, यंदा दुसरीकडं गेली आसंल. मग तू सांगितलंस तसं केलं."

ढेकळांवरून धाविक पळत होती. चार पावलं, थांबायची, वाकायची, परत मागे फिरायची. दिवस कलला तरी ती तिथून गेली नाही. मीही गेले नाही.