दाजींच्या कॉलरवरची डबी

दाजींच्या नाकापर्यंत धुळीचा कणही पोचला नव्हता. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण मंगळवारी सकाळी मुकादमाने अहवाल उघडला तेव्हा त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत असताना एकट्यानेच घाबरायचं हे काही बरं दिसत नाही.

काम एका जुन्या छापखान्याच्या तळघरात होतं. पाइपांभोवतीचं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण काढायचं; त्याचे तंतू फुप्फुसांत गेले तर जीवावर बेततं. खोली प्लास्टिकने सीलबंद, आत जाताना मास्क, बाहेर येताना अंघोळ. प्रत्येकाच्या कमरेला मुठीएवढा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत, आणि टोकाला एक डबी. नाकाजवळची हवा डबीतल्या फिल्टरमधून जायची आणि तिच्यात किती तंतू होते ते प्रयोगशाळेत मोजलं जायचं.

आत चौघं होते. तिघांचे आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली. चौथ्यापुढे लिहिलं होतं : ‘फिल्टर धुळीने भरलेला. मोजणी अशक्य.’

चौथे म्हणजे दाजी.

मुकादम पालथ्या बादलीवर बसला. कामावर तो दाजींचा साहेब होता, पण घरी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ताईने दाजींना त्याच्या हवाली करताना बजावलं होतं, “बारा वर्षं डोकं खाल्लंय त्यांनी माझं, अजून तीस वर्षं खायचंय. नेतोयस तसेच परत आण.”

हवा मोजणाऱ्या बाई आल्या. प्रत्येक शब्द तपासणीला पाठवायचा असल्यासारख्या त्या बेताने बोलायच्या.

“काम थांबवा, मुकादम.”

“थांबवलंय. श्वास सोडून माझंही सगळं थांबलंय.”

“चौघं एकाच पाइपवर होते?”

“हातभर अंतरावर.”

“मग धूळ एकट्याकडेच कशी गेली? ओळख होती का?”

दाजींना बोलावण्यात आलं. दाजींवर ओरडायची सोय नव्हती; ओरडलं की ते जेवायचे नाहीत, आणि मग ताई ओरडायची.

“अहो दाजी, काल आत काय केलंत?”

“काम केलं. तुझ्या ताईला सांगू नकोस, घरीही करायला लावेल.”

“मास्क काढला होतात?”

“त्या मास्कसाठी मी वीस वर्षांची दाढी उतरवली! तुझी बहीण अजून मला पाहुणा समजून चहा देते. आणि मी मास्क काढीन?”

“धूळ उडू नये म्हणून पाणी मारत होतात ना?”

“पाइपला सर्दी होईल इतकं.”

“मग या डबीला काय झालं?”

दाजींचा चेहरा खुलला. “ती होय? गुणाची आहे हो. पण जीव फार लहान. पाइपमागची एक फट साफ करायला पाऊण तास लागला.”

बाईंनी मान वर केली. “साफ?”

“तुम्ही आम्हाला बारके व्हॅक्यूम दिलेत ना, धूळ ओढायला? बाकीचे नुसते लटकवून फिरतात. मलाच लाज वाटली. कॉलरवरचा डबीचा चिमटा सोडवला आणि फट, खिळे, पत्र्याची कड, सगळं ओढून घेतलं.”

“दाजी, कोपऱ्यात ड्रमएवढा खराखुरा व्हॅक्यूम ठेवलाय!”

“तो फार बोलतो.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाजी होते तसेच होते.

“हा पंप साफ करत नाही,” त्या म्हणाल्या, “मोजतो. तुम्ही भिंतीच्या फटीची तब्येत तपासून आणलीत.”

तरी बाई नुसत्या शब्दावर सुटका करणाऱ्या नव्हत्या. दाजींचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते त्यांनी पुन्हा तपासलं. बसत होता. फट साफ झाली त्या दिवशी खोलीची हवा मोजायला ठेवलेल्या बाकी पंपांचे फिल्टर पाहिले. स्वच्छ निघाले. बुधवारी दाजींची डबी कॉलरला चिकटपट्टीने बांधून टाकली आणि त्यांना पुन्हा त्याच पाइपवर उभं केलं. गुरुवारी अहवाल आला : चौघांत सगळ्यात कमी आकडा दाजींचा.

मुकादम बादलीवरून उठला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली. त्याने ताईला फोन लावला.

“ताई, दाजी ठीक आहेत.”

“का? काय झालं होतं?”

“काही नाही. आहेत तसेच आहेत.”

ताई म्हणाली, “एवढी वाईट बातमी आहे, तर इतक्या आनंदाने काय सांगतोयस?” आणि हसत सुटली. मुकादमही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शुक्रवारी त्याच्या टेबलावर एक अर्ज होता. अक्षर दाजींचं, खाली त्यांची सही आणि अंगठाही.

‘विषय : पंपाची ताकद वाढवून मिळणेबाबत. महोदय, सदर पंप हा मोजण्यासाठी असल्याचे अर्जदारास आता मान्य आहे. तथापि अर्जदाराचा डावा खांदा पूर्णपणे रिकामा असून सदर खांद्यास, फक्त ओढण्यासाठी, दुसरा दणकट पंप, फटीत जाईल अशी निमुळती नळी व शक्य झाल्यास लहान ब्रश तातडीने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.’